तासाचा ठोका कोणीं द्यावा?

वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें गांव आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाज या गांवास आपली काशी मानतो. ता. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं तेथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन केलें, आणि त्याच दिवशीं वाशीमच्या भूमीवरून पीएम-किसान योजनेचा अठरावा हप्ता सोडण्यांत आला. देशांतील सुमारें ९ कोटि ४० लक्ष शेतकऱ्यांना मिळून सुमारें २०,००० कोटि रुपयांची ती रक्कम होती. महाराष्ट्र शासनाच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पांचवा हप्ता, सुमारें २,००० कोटि रुपयांचा, त्याच समारंभांत सुटला.

व्यासपीठावरील विधि कांहीं क्षणांत आटोपतो. नऊ कोटींहून अधिक नांवें तपासणें, प्रत्येकाचा आधार क्रमांक व बँकेचें खातें यांचा मेळ घालणें, आदेश काढणें आणि रक्कम जमा झाल्याची पोंच परत आणणें, हें काम मात्र क्षणांत आटोपणारें नव्हे. असलें काम पडद्यामागें, ठरल्या वेळीं व तुकड्यातुकड्यांनीं चालतें, आणि त्याचा फार मोठा भाग यंत्रेंच उरकतात. मानोऱ्याच्या शेतकऱ्याची अपेक्षा त्या मानानें साधी असते. आपले दोन हजार रुपये यावेत, आणि ते एकदांच यावेत. न आले तर पेरणीचा किंवा उसनवारीचा हिशेब बिघडतो. चुकून दोनदां आले तर आज ना उद्यां वसुलीचा कागद दारीं येतो. या "एकदांच" शब्दानें संगणकशास्त्रांतील मोठमोठ्या पंडितांना अर्धशतकभर दमविलें आहे, हें श्रोत्यांस सहसा खरें वाटणार नाहीं.

कोणतेंहि मोठें संकेतस्थळ म्हणजे एक प्रकारची कचेरीच होय. कचेरीच्या पुढच्या खिडकीशीं लोक येतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर घेऊन जातात. तेथील कारकुनाचा धर्म म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसास तात्काळ वाटेस लावणें. मागच्या खोलींत दुसराच व्यवहार चालतो. दिवस संपला कीं कीर्द बंद करावयाची, महिना भरला कीं गोषवारा काढावयाचा, मुदत टळलेल्यांस स्मरणपत्रें पाठवावयाचीं, जुने कागद बस्त्यांत बांधावयाचे. हीं कामें कोणी मागावयास येत नाहीं. तीं घड्याळ मागतें. संगणकाच्या कचेरींतहि हे दोन विभाग असेच असतात, आणि मागच्या खोलींतील कामास वेळच्या वेळीं उठविणाऱ्या प्रोग्रामास शेड्यूलर असें म्हणतात. जुन्या तहसील कचेरीच्या आवारांत पितळी तास टांगलेला असे आणि पहारेकरी त्यावर ठोके देई; शेड्यूलरचें काम नेमकें त्या पहारेकऱ्याचें आहे.

या पहारेकऱ्याचा आद्य पुरुष अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत १९७५ च्या सुमारास जन्मास आला. त्याचें नांव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें पडलें असें मानतात. १९७९ सालीं युनिक्स या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ति बाहेर पडली, तींत क्रॉनची रीत अगदीं बाळबोध होती. त्यानें दर मिनिटास जागें व्हावें, कामांचा तक्ता वाचावा, या मिनिटाचें कांहीं काम असेल तर तें सुरू करून द्यावें, आणि पुन्हा निजावें. तक्त्याच्या प्रत्येक ओळींत आरंभीं पांच खणांत मिनिट, तास, तारीख, महिना व वार लिहिलेले असत, व पुढें कामाचें नांव. पर्ड्यू विद्यापीठांतील रॉबर्ट ब्राउन यांनीं पुढें यांत सुधारणा केली. यंत्राच्या शंभर निरनिराळ्या उपयोजकांना आपापला तक्ता ठेवतां यावा, आणि पहारेकऱ्यानें दर मिनिटास व्यर्थ न उठतां पुढील कामाच्याच वेळेस उठावें, अशी ती योजना होती. १९८७ सालीं पॉल विक्सी यांनीं लिहिलेली क्रॉनची आवृत्ति तर जगभर पसरली व तिचे वंशज आजहि लक्षावधि यंत्रांत ठोके देत आहेत.

घड्याळावर विसंबणें हें मुळांतच नाजूक प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ या काळांत, हिंदुस्थानांत घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. युद्ध संपल्यावर तीं मागें घेतलीं तेव्हां एका रात्रींतील एक तास दोनदां आला. पाश्चात्य देशांत असा तास दर वर्षीं येतो, आणि त्या तासांत नेमलेलें काम दोनदां होऊं नये म्हणून क्रॉनच्या कर्त्यांना खास व्यवस्था करावी लागली. भारतांत आज ती आपत्ति नाहीं. पण आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें असल्यामुळें, जागतिक वेळेवर लावलेल्या यंत्रास येथील मध्यरात्रीचें काम सांगावयाचें असेल तर आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा लिहावे लागतात. हा हिशेब चुकलेला तरुण प्रोग्रामर प्रत्येक कचेरींत एकदां तरी भेटतोच.

तरीहि जोंवर यंत्र एकच होतें, तोंवर पहारेकरीहि एकच होता आणि सारें सुरळीत चाललें. अडचण वैभवानें आणली. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेनें मोझेक हा ब्राउझर लोकांपुढें ठेवला, आणि त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर इतकी झुंबड उडाली कीं एका यंत्रानें उत्तरें देणें अशक्य झालें. तेथील मंडळींनीं १९९४ सालीं जी तोड काढली ती अशी : एकाच नांवाखालीं अनेक यंत्रें ठेवावयाचीं, आणि येणाऱ्या प्रत्येकास पाळीपाळीनें त्यांपैकीं एकाचा पत्ता द्यावयाचा. लवकरच हें वाटपाचें काम करणारीं स्वतंत्र यंत्रें बाजारांत आलीं, त्यांना लोड बॅलन्सर हें नांव रूढ झालें. २००१ सालीं फ्रान्समधील विली तारो यांनीं एचएप्रॉक्सी हा याच कामाचा प्रोग्राम फुकट वापरावयास दिला, तेव्हां लहान संस्थांनाहि ही सोय परवडूं लागली. देवडीवर उभा असलेला हुशार शिपाई जसा कोणत्या खिडकीशीं गर्दी कमी आहे हें पाहून माणसास तिकडे धाडतो, तसा हा लोड बॅलन्सर. एक खिडकी बंद पडली तर तो तिकडे कोणास धाडीत नाहीं, व लोकांना तें कळतहि नाहीं.

या योजनेचा प्राण असा कीं सर्व खिडक्या हुबेहुब सारख्या असाव्यात. कोणत्याहि खिडकीशीं गेलें तरी उत्तर एकच मिळालें पाहिजे. म्हणून एकाच प्रोग्रामच्या तंतोतंत प्रती सर्व यंत्रांत बसवितात. आणि येथेंच मेख आहे. प्रोग्रामच्या पोटांत जर तो पहारेकरीहि बसलेला असेल, तर तीन यंत्रांत तीन पहारेकरी झाले. प्रत्येकाजवळ तोच तक्ता, तेंच घड्याळ आणि स्वतःचा तास. चार वाजले कीं तिघेहि आपापले चार ठोके देतात आणि गांव बारा मोजतें. स्मरणपत्र पाठविण्याचें काम असेल तर एकाच माणसास तीन पत्रें जातात. हें हंसण्यावारी नेतां येईल. काम पैसे काढण्याचें असेल तर हंसूं मावळतें.

सामान्यतः असा समज होतो कीं वाटप करणारा लोड बॅलन्सर हाहि घोळ निस्तरील. तो निस्तरूं शकत नाहीं, आणि याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लोड बॅलन्सर बाहेरून येणाऱ्या माणसास वाटेवर अडवून खिडकी दाखवितो. घड्याळाचा हुकूम बाहेरून येतच नाहीं. तो प्रत्येक यंत्राच्या पोटांतच उपजतो. देवडीवरच्या शिपायास त्याचा पत्ताहि नसतो. शिवाय ही चूक प्रोग्राम लिहिणाऱ्यास त्याच्या मेजावर दिसत नाहीं, कारण तेथें प्रत एकच चालत असते. काम वाढतें, यंत्रें वाढतात, आणि ज्या दिवशीं दुसरें यंत्र जोडलें जातें त्या दिवशीं दोष प्रकट होतो. कित्येकदां तर यंत्र एकच असतें, पण त्यांत वेग यावा म्हणून त्याच प्रोग्रामच्या चार प्रती चालविलेल्या असतात, फळ तेंच.

पहिला उपाय कोणासहि सुचेल असा आहे. पहारेकऱ्यास खिडक्यांपासून वेगळा काढावा आणि त्यास एकाच स्वतंत्र यंत्रांत बसवावें. पुष्कळ ठिकाणीं हेंच करतात, आणि लहान कचेरीस तें पुरेसेंहि असतें. पण यांत एक गुप्त धोका आहे. खिडकी बंद पडली तर समोर उभा असलेला माणूस ओरडतो. मागच्या खोलींतील पहारेकरी मेला तर कोणीच ओरडत नाहीं. ठोके पडत नाहींत एवढेंच. आणि न पडलेला ठोका ऐकूं येत नसतो. रोजची नक्कल निघाली नाहीं, गोषवारा झाला नाहीं, हें कित्येक आठवड्यांनीं, बहुधा नेमक्या गरजेच्या दिवशींच उघडकीस येतें.

म्हणून दुसरा उपाय निघाला. पहारेकरी अनेक असोत, पण हातोडा एकच असावा. ज्याच्या हातीं हातोडा त्यानेंच ठोका द्यावा, इतरांनीं गप्प राहावें. संगणकाच्या परिभाषेंत यास लॉक म्हणतात : सर्व यंत्रांना सामाईक असलेल्या दप्तरांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, जो प्रथम आपलें नांव नोंदवील त्याचें तें काम. दप्तरांतील एका ओळीवर एकाच वेळीं दोघांना सही करतां येत नाहीं, ही डेटाबेसची जुनी हमी येथें उपयोगी पडते. परंतु हातोडा घेऊन बसलेला पहारेकरीच मेला तर? हातोडा त्याच्या मुठींतच अडकतो आणि बाकीचे जन्मभर वाट पाहात बसतात. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठांतील केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनीं १९८९ सालीं जो तोडगा मांडला तो आपल्या कुळकायद्याच्या देशांत सहज समजेल. हातोडा कायमचा देऊं नये, मुदतीच्या पट्ट्यानें द्यावा. पट्ट्याची मुदत संपण्यापूर्वीं धारकानें नूतनीकरण केलें नाहीं, तर तो मेला असें समजून हातोडा दुसऱ्यास द्यावा.

पण मेला असें समजणें आणि खरोखर मेलेला असणें यांत अंतर आहे. पहारेकरी नुसता झोपला असेल. यंत्र क्षणभर गुंतून पडलें असेल किंवा मधली तार तुटली असेल. मुदत संपली, दुसऱ्यानें हातोडा घेतला, आणि मग पहिला डोळे चोळीत उठून आपला अर्धवट राहिलेला ठोका देऊन मोकळा झाला. पुन्हा दोन ठोके! गूगल कंपनीचे माईक बरोज यांनीं २००६ सालीं चबी या लॉकव्यवस्थेची हकीकत प्रसिद्ध केली, तींत यावर उतारा आहे. हातोड्याबरोबर वाढता अनुक्रमांक द्यावयाचा. आणि ज्यावर ठोका पडावयाचा त्या तासानेंच जुना क्रमांक ओळखून नाकारावयाचा. म्हणजे पहाऱ्याची अर्धी जबाबदारी तासावर आली.

याच्याहि मुळाशीं एक खोल प्रश्न आहे. दूरदूर बसलेल्या अनेक यंत्रांनीं आपला मुखत्यार कोण हें एकमतानें ठरवावयाचें कसें? लेस्ली लॅम्पोर्ट या गणितज्ञानें १९७८ सालीं दाखवून दिलें कीं वेगळ्या जागीं असलेल्या यंत्रांत "आधीं काय झालें व मागाहून काय" हें सर्वांना मान्य होईल असें सांगण्यास नुसतीं घड्याळें पुरत नाहींत; परस्परांना गेलेले निरोपच क्रम ठरवितात. जेथें इंग्रजी अमदानींत मुंबईचें स्थानिक घड्याळ आणि रेल्वेचें प्रमाण घड्याळ कित्येक दशकें शेजारीं शेजारीं वेगळी वेळ दाखवीत होतीं, त्या प्रांतास हें नवें वाटूं नये. १९८५ सालीं फिशर, लिंच व पॅटरसन या तिघांनीं तर गणितानें सिद्ध केलें कीं निरोपास किती उशीर लागेल याची कांहींच खात्री नसेल, आणि एक जरी यंत्र मध्येंच बंद पडण्याचा संभव असेल, तर हमखास निर्णयास पोंचविणारी कोणतीहि रीत असूंच शकत नाहीं. तथापि व्यवहार थांबत नाहीं. लॅम्पोर्ट यांनीं बहुमतानें निर्णय घेण्याची पॅक्सॉस नांवाची पद्धति रचली. १९९० सालीं पाठविलेला तो निबंध १९९८ सालीं छापून आला, कारण तो त्यांनीं एका काल्पनिक ग्रीक बेटावरील लोकसभेच्या कथेच्या रूपानें लिहिला होता व परीक्षकांना विनोद रुचला नाहीं. चबीच्या पोटांत हीच पद्धति आहे. पांच यंत्रें असतात. त्यांपैकीं तिघांचें मत पडलें कीं निर्णय पक्का.

आतां एवढ्या पांडित्यानंतर ठोका नेमका एकदांच पडेल ना? प्रामाणिक उत्तर "हमी नाहीं" असेंच आहे. गूगलमधील दाविदोविच व गुलियानी यांनीं २०१५ सालीं आपल्या जगड्व्याळ क्रॉनचें वर्णन लिहिलें, त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं संशय पडला तर ठोका दोनदां देण्यापेक्षां चुकविणें त्यांनीं पत्करलें. कुबर्नेटीस या आजच्या लोकप्रिय व्यवस्थेच्या माहितीपत्रकांत तर बजावलेलें आहे कीं क्वचित् प्रसंगीं काम दोनदां निघेल किंवा निघणारहि नाहीं. तेव्हां कामच असें लिहा कीं तें दोनदां झालें तरी बिघडूं नये.

ही शेवटची सूचना सर्वांत मोलाची आहे, आणि ती नवीनहि नाहीं. वऱ्हाडांतील कोणत्याहि चोख दुकानदाराच्या कीर्दींत ती सांपडेल. "गणपतच्या नांवावर आणखी दोन हजार टाक" असा तोंडी हुकूम दोनदां ऐकला गेला तर चार हजार पडतात. "पावती क्रमांक अमुक, गणपतच्या नांवावर दोन हजार" असा हुकूम असेल, तर दुसऱ्यांदा आलेली तीच पावती पाहून मुनीम लेखणी खालीं ठेवतो. भारतीय रिझर्व्ह बँकेची एनईएफटी ही पैसे पाठविण्याची व्यवस्था याचें घरचें उदाहरण होय. २००५ च्या नोव्हेंबरांत सुरू झालेली ही व्यवस्था प्रत्येक व्यवहार सुटा सुटा न मिटवितां तुकड्यांनीं मिटविते. १० जुलै २०१७ पासून सकाळीं आठ ते सायंकाळीं सातपर्यंत दर अर्ध्या तासास, दिवसांत २३ तुकड्या निघूं लागल्या; १६ डिसेंबर २०१९ पासून सुट्टी नाहीं, रात्र नाहीं, दिवसाचे ४८ ठोके पडतात. एवढ्या ठोक्यांत गोंधळ टाळण्यास मोठी मदत होते ती प्रत्येक व्यवहाराच्या अंगावर असलेल्या स्वतंत्र क्रमांकाची. तो यूटीआर क्रमांक ज्याच्या पासबुकांत उमटतो, त्यानें तो क्वचितच निरखून पाहिलेला असतो. रक्कम खातेदारास पोंचवितां आली नाहीं तर ती तुकडी मिटल्यापासून दोन तासांच्या आंत परत फिरविली पाहिजे, असाहि दंडक आहे.

दोनदां कीं मुळींच नाहीं, या दोन पापांपैकीं कोणतें पत्करावें, हें केवळ यंत्रज्ञांनीं ठरवावयाचें नसतें. पैसे देणारा स्वभावतःच "चुकलें तर चुको, दोनदां नको" म्हणेल, आणि खजिन्याच्या दृष्टीनें त्यांत शहाणपणहि आहे. परंतु चुकलेल्या ठोक्याचा सगळा भार घेणाऱ्यावर पडतो, आणि घेणारा बहुधा असा असतो कीं ज्यास कचेरीचा दरवाजा माहीत नसतो. म्हणून चुकविण्याची मुभा त्याच कचेरीस असावी, जिची नोंदवही चुकलेला ठोका स्वतः दाखविते व दुसऱ्या फेरींत निर्भयपणें पुन्हा देते. निर्भयपणें तेव्हांच देतां येतो, जेव्हां अंगावर क्रमांक असतो. कामास क्रमांक नसेल तर शंभर लॉक लावूनहि निष्पत्ति शून्य. क्रमांक असेल तर साधा एक पहारेकरी आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा, एवढ्यावरहि मोठा कारभार निभावतो. तरुण यंत्रज्ञ मात्र आधीं हातोड्याच्या मागें लागतात.

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर मानोऱ्यांतील लाभार्थी आपला क्रमांक घालून हप्त्याची अवस्था पाहूं शकतो. तेथें दिसणारे शब्द परके असले तरी त्यांचा अर्थ वरील इतिहासाच्या प्रकाशांत उलगडतो. "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" म्हणजे राज्य शासनानें लाभार्थ्यांची यादी तपासून निधीच्या मागणीवर सही केली. "एफटीओ जनरेटेड" म्हणजे पैसे वळते करण्याचा आदेश निघाला. त्यापुढें "पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग" असेल तर आदेश निघाला आहे, पण पोंच अद्याप परत आलेली नाहीं. ठोका दिला गेला, त्याचा नाद अजून कानीं आला नाहीं. या अवस्थेंत दुसरा आदेश काढणें म्हणजे दोन ठोक्यांचा धोका, आणि स्वस्थ बसणें म्हणजे चुकलेल्या ठोक्याचा. म्हणून या शब्दांपाशीं अडकलेल्या माणसानें तो हप्ता कितवा, खातें आधारशीं जोडलेलें आहे कीं नाहीं, आणि ई-केवायसी झालें आहे कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. खिडकीवरील कारकुनास मागच्या खोलींतील नेमकी ओळ शोधण्यास तेवढें बहुधा पुरतें. वाशीमनंतरचा एकोणिसावा हप्ता २४ फेब्रुवारी २०२५ रोजीं बिहारांतील भागलपुराहून सुटला, तेव्हां शेतकऱ्यांची संख्या सुमारें ९ कोटि ८० लक्ष होती, आणि मानोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या अवस्थेची ओळ पुन्हा आरएफटीपासून सुरू झाली.